हिंगाचं झाड काढायचंय? आधी बाळंतशेप काढा

प्रश्न असा आला: मी नाशिकची, उपयोजित कला शिकलेली चित्रकार आहे. इथल्याच एका वैद्यांच्या पुस्तिकेसाठी हिंग, त्याची युरोपातली नातलग जायंट फेनेल आणि ओवा-जिरे-बडीशेप या कुळातल्या औषधी वनस्पतींच्या जलरंगातल्या प्लेटी, म्हणजे पानभर चित्रं, करायच्या आहेत. हिंगाचं झाड मी कधी पाहिलेलं नाही. इंटरनेटवरचे फोटो आणि जुन्या जर्मन प्लेटी समोर ठेवून काढलं तर चालेल का? जायंट फेनेल म्हणजे मोठी बडीशेपच ना? आणि तीन मीटरचं झाड एका कागदावर बसवायचं कसं?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे चुकलात तर बाकीच्या दोन उत्तरांचा उपयोग नाही. जायंट फेनेल म्हणजे मोठी बडीशेप नव्हे. बडीशेप फोनिक्युलम या प्रजातीतली, जायंट फेनेल फेरुला या प्रजातीतली. शास्त्रीय नाव फेरुला कम्युनिस. हिंगसुद्धा फेरुलाच, म्हणजे जायंट फेनेल ही हिंगाची सख्खी बहीण आणि बडीशेपेची लांबची चुलत बहीण. घोटाळा होतो तो पानांमुळे. दोघींची पानं धाग्याधाग्यांत विभागलेली, दोघींची फुलं पिवळी, दोघींचे फुलोरे छत्रीसारखे. लांबून काढलेल्या फोटोत तर फरक कळतच नाही. पण फळ हातात घ्या. बडीशेपेचं फळ फुगीर, लांबोडकं, त्यावर ठसठशीत कंगोरे. फेरुलाचं फळ पाठीकडून दाबल्यासारखं सपाट, दीड सेंटिमीटरच्या आसपास, आणि दोन्ही कडांना पातळ पंखासारखी पट्टी. तुमच्या घरातल्या डब्यांत त्याच्या सर्वांत जवळ जाणारं रूप बडीशेपेचं नाही, बाळंतशेपेचं आहे. तेच शेपूचं बी.

म्हणून माझा सल्ला असा, की हिंगाचा कागद अजून ताणूच नका. आधी फळं काढा.

चामर कुळात (धणे, जिरे, ओवा, गाजर, शेपू, हिंग सगळे यातलेच) वनस्पती ओळखायची ती फळावरून आणि पानाचा देठ खोडाला जिथे वेढतो त्या जागेवरून. फुलं जवळपास सारखीच: पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, खाली दोन कप्प्यांचा बीजकोश. नवखा चित्रकार नेमका त्या फुलांच्या छत्रीवर दोन दिवस खर्च करतो आणि फळ कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काढून मोकळा होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ अशा प्लेटीकडे पाहतो आणि पान उलटतो, कारण त्याला हवं ते त्यात नसतं. तुमच्या वैद्यांनाही, त्यांना जाणवो न जाणवो, फळच हवं आहे. या कुळातल्या बहुतेक औषधींचं फळच तर वापरात येतं. आपण बी म्हणतो, पण आहे ते अख्खं फळ. हिंग तेवढा वेगळा, त्याचा चीक वापरतात.

काष्ठौषधीच्या दुकानातून बडीशेप, बाळंतशेप, धणे, जिरे, शहाजिरे, ओवा, अजमोदा अशी थोडी थोडी पुडी आणा. साफ केलेला पॉलिशचा माल नको, काड्याकचरा असलेला मागा. काड्यांत कधी कधी मूळ देठ आणि दुभागलेली फळं मिळतात, ती सोन्यासारखी जपा. पिकल्यावर हे फळ दोन अर्धांत फुटतं. ते दोन फलांश एका बारीक, दुभंगलेल्या काडीच्या टोकांना लोंबत राहतात. ती काडी चित्रात आली तर प्लेट एकदम वरच्या दर्जाची होते, आणि अशी काडी बहुतेक चित्रांत नसते.

दहापटीचं भिंग पुरतं, मायक्रोस्कोप असला तर उत्तमच. फळं रात्रभर कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवा. सकाळी नव्या ब्लेडने मधोमध आडवा काप घ्या. पहिले बरेच काप चुरडतील, हरकत नाही. एक नीट निघाला की भिंगाखाली ठेवा आणि बघा काय दिसतं ते. बडीशेपेच्या प्रत्येक अर्धात तेलाच्या सहा नळ्या दिसतील, चार पाठीकडे आणि दोन आतल्या सपाट बाजूला. धण्यात पाठीकडच्या नळ्या पिकता पिकता जातात, आतल्या बाजूच्या दोनच उरतात. शिवाय धण्याचे दोन अर्ध आतून खोलगट असतात, त्यामुळे कापात मधे पोकळी दिसते आणि दोन चंद्रकोरी समोरासमोर. धण्याच्या पाठीवर काही कंगोरे नागमोडी आणि त्यांच्या मधले सरळ, हे भिंगाशिवाय लक्षात येत नाही. जिऱ्याच्या कंगोऱ्यांवर आखूड, राठ केस. ओव्याचं फळ जेमतेम दोन मिलिमीटरचं, पण पाठ सगळी बारीक पुटकुळ्यांनी भरलेली. आणि बाळंतशेप: चपटी, तपकिरी, पाठीवर तीन बारीक रेघा आणि दोन्ही कडांना फिकट पंख. आपल्याकडच्या शेपूचे पंख युरोपातल्या शेपूपेक्षा अरुंद असतात आणि पाठ जरा फुगीर, हे ध्यानात ठेवा. नाहीतर एखाद्या परदेशी प्लेटशी ताडून स्वतःचं बरोबर चित्र खोडून बसाल.

ही सगळी फळं एकाच कागदावर, एकाच मापात, पंधरापट मोठी काढा. पाठीकडून, आतल्या बाजूने आणि आडवा काप, अशी प्रत्येकाची तीन चित्रं. रंग नको, नुसती पेन्सिल. हा कागद वैद्यांना दाखवा. कदाचित ते तोच पुस्तिकेत घ्या म्हणतील, आणि मी त्यांच्या जागी असते तर घेतलाच असता. हिंग्वाष्टक चूर्णाचे आठ घटक आठवा: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे, हिंग. त्यातले चार याच एका कुळातले. हे पन्नास ओळींत सांगण्यापेक्षा एका प्लेटीत दाखवणं सोपं.

फळं झाली की फुलोरा. इथे नाशिककरांचं नशीब चांगलं आहे, कारण कोथिंबिरीचं पीक आपल्या चहूबाजूंना आहे. बाजारात येते ती कोवळी जुडी. आपल्याला हवी फुलावर आलेली, आणि ती मार्केट यार्डात कोणी आणत नाही. मखमलाबाद, गिरणारे किंवा दिंडोरीच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा. भाव पडला म्हणून न काढलेला वाफा किंवा धण्यासाठी राखलेली ओळ कुठे ना कुठे असतेच. शेपूचंही तसंच. कुंडीत चार दाणे टाकलेत तरी चालेल, शेपू फुलायला फार वाट पाहायला लावत नाही.

छत्री काढताना फुलांपासून सुरुवात करू नका, काड्यांपासून करा. चामरकल्प फुलोरा म्हणजे एका बिंदूतून निघालेल्या काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तशीच छोटी छत्री. मोठ्या छत्रीच्या काड्या मोजा आणि आकडा बाजूला लिहून ठेवा. जायंट फेनेलमध्ये एका छत्रीला वीस-चाळीस काड्या असतात, शहाजिऱ्यात त्या मानाने फार थोड्या, म्हणजे संख्या हीसुद्धा ओळख आहे. फुलं अंदाजाने काढली तर एकवेळ खपतात, काड्या नाहीत. सगळ्या छोट्या छत्र्या मिळून वर जो घुमट होतो, त्याचा लंबगोल आधी हलका काढून घ्या. समोरच्या काड्या आखूड दिसतात, बाजूच्या पूर्ण लांबीच्या, मागच्या अर्धवट झाकलेल्या. या तीन प्रकारांतला फरक जमला की अर्धी लढाई झाली. मग काड्या जिथून निघतात त्या बिंदूखाली बारीक पानांची झालर आहे की नाही ते बघा. बडीशेपेत नसते, फेरुलातही नसते, गाजरात मात्र चांगली मोठी, फाटल्यासारखी असते. 'छान दिसतं' म्हणून फेरुलाला झालर लावलेली चित्रं मी पाहिली आहेत. असं चित्र गाजराचं होतं.

पाकळ्यांतही बघण्यासारखं आहे. कोथिंबिरीच्या छत्रीत कडेच्या फुलांची बाहेरची पाकळी मोठी, दुभागलेली असते, आतल्यांची लहान. त्यामुळे अख्खी छोटी छत्री मिळून एकच फूल असल्यासारखं वाटतं. शेपू, बडीशेप आणि फेरुलात सगळ्या पाकळ्या सारख्याच, टोकं आत वळलेली. शिवाय या कुळात पुंकेसर आधी पिकतात आणि गळतात, मग स्त्रीकेसराच्या दोन दांड्या वर येतात. म्हणजे सकाळी आणलेल्या एकाच फांदीवर दोन वेगवेगळी फुलं वाटावीत अशा अवस्था सापडतात. दोन्ही काढा.

आता जायंट फेनेल. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या माळांवर वाढणारं हे झाड. जमिनीलगत पानांचा मोठा झुबका आणि त्यातून वर गेलेला, मनगटाएवढा जाड दांडा. दांडा दिसायला मजबूत, पण आतून मऊ गाभा भरलेला, त्यामुळे वजनाला अगदी हलका. हा गाभा वाळला की आतल्या आत धुमसत राहतो. प्रोमिथियसने देवांकडून आग पळवली ती याच दांड्यात लपवून, अशी ग्रीकांची कथा आहे. रोमन शाळामास्तरांची छडीही याचीच. चित्रकाराच्या कामाची गोष्ट म्हणजे वरच्या पानांचे देठ: पान जवळजवळ नाहीसंच होतं आणि देठाचा तळ फुगून होडीसारखा खोडाला वेढतो. पुढची छत्री याच पिशवीतून बाहेर पडते. जायंट फेनेलच्या चित्रात या पिशव्या नसतील तर ते चित्र दुसऱ्याच कशाचं तरी आहे. आणखी एक, मधली मोठी छत्री फळं धरते. तिच्या बाजूने निघणाऱ्या लहान छत्र्या बहुतेक नर फुलांच्या, आणि पुष्कळदा त्या मधलीच्या वर डोकं काढतात. फळं आल्यावर मधे खाली जडावलेली छत्री आणि वर रिकाम्या काड्या, असा विचित्र वाटणारा देखावा असतो. तो 'सुधारू' नका.

हिंगाचा बांधा असाच, पण स्वभाव वेगळा. इराण-अफगाणिस्तानच्या थंड, कोरड्या पठारांवरची ही वनस्पती कित्येक वर्षं नुसता पानांचा झुबका घेऊन बसते. मग एकदाच दांडा टाकते, फुलते, फळते आणि मरते. फुलं फिकट पिवळी. मूळ मांसल, गाजरासारखं पण कितीतरी जाड, आणि मुळाच्या माथ्याशी जुन्या पानांच्या देठांच्या तंतूंचं जटेसारखं वेष्टण. चीक काढतात तो दांडा फुलायच्या आधी. मुळाभोवतीची माती सारून माथा कापायचा, ऊन लागू नये म्हणून झाकायचा, पाझरलेला चीक खरवडायचा आणि परत पातळ चकती कापायची, असं कित्येक आठवडे. पांढरट चीक हवेने गुलाबी आणि मग तांबूस तपकिरी होत जातो. वैद्यांच्या पुस्तिकेत ही मुळाची कापलेली अवस्था आली पाहिजे. औषध तिथेच आहे.

सर्वांत महत्त्वाचं, हिंगाची पानं धाग्यासारखी नसतात. विभागलेली असतात, पण एकेक तुकडा रुंद, लांबट, बोथट टोकाचा, राखाडी झाक असलेला आणि लवदार. इंटरनेटवर 'हिंगाचं झाड' म्हणून फिरणाऱ्या कित्येक फोटोंत शेपूसारखी पानं दिसतात. तो फोटो जायंट फेनेलचा समजा आणि बाजूला ठेवा. एवढ्या एका खुणेवर तुमचे निम्मे फोटो गळतील.

यावरून जुन्या प्लेटींकडे येऊ. 'विश्वास ठेवू का' असं विचारू नका. 'काढणाऱ्याने झाड पाहिलं होतं का' असं विचारा. एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याने सतराव्या शतकात इराणमधल्या दिसगुन इथे हिंग काढताना प्रत्यक्ष पाहिला आणि 1712 साली छापलेल्या ग्रंथात झाडाचं वर्णन चित्रासह दिलं. पानं पिओनी या फुलझाडाच्या पानांसारखी, असं त्याने लिहिलंय. रुंद तुकड्यांच्या पानाला हे बरोबर लागू पडतं. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, आजच्या नजरेला बोजड, पण पाहून काढलेलं. 1753 मध्ये स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस याने हिंगाला फेरुला असाफेटिडा असं नाव दिलं तेव्हा आधार केंफरचाच होता. पुढे 1838 मध्ये ह्यू फाल्कनर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला काश्मीरपलीकडच्या अस्तोर खोऱ्यात एक हिंगासारखी वनस्पती मिळाली. हीच ती, असं धरलं गेलं. तिच्या बियांपासून एडिनबरोच्या बागेत झाडं वाढवली, ती फुलली, आणि 1860 मध्ये तिथल्याच वनस्पतिशास्त्रज्ञ बाल्फोरने तिचं सविस्तर वर्णन केलं. पण ती निघाली वेगळीच जात, आज तिला फेरुला नार्थेक्स म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी औषधी ग्रंथांत 'हिंग' म्हणून जी चित्रं आहेत, त्यांत या दोन-तीन जातींची सरमिसळ सापडते, ती अशी. त्यामुळे प्लेटीखालचं जुनं शास्त्रीय नाव कधीही गाळू नका. आज ते बदललं असेल, पण चित्र कोणत्या जातीचं आहे याचा तो एकमेव धागा असतो.

तुम्ही म्हणता त्या जर्मन प्लेटी म्हणजे बहुधा कोहलरच्या औषधी वनस्पती, 1883 पासून गेरा शहरातून निघालेल्या. शिळाछापाच्या रंगीत प्लेटी, मांडणी अप्रतिम: मधे फांदी, खाली फुलाफळांचे तुकडे क्रमांकांसह. मांडणी शिकायला त्या घ्याच. रंग घेऊ नका. शतकभराच्या कागदाचा पिवळेपणा, त्यावर स्कॅनरचा, त्यावर तुमच्या मोबाइलचा, एवढ्या थरांतून आलेला हिरवा हा हिरवा राहत नाही. बेंटली आणि ट्रिमेन यांच्या 1880 च्या ग्रंथातल्या डेव्हिड ब्लेअरच्या प्लेटी मला जास्त प्रामाणिक वाटतात, जरा रुक्ष असल्या तरी. आपल्याकडे कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बसू यांचा 1918 चा भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ वैद्यमंडळींच्या कपाटात हमखास असतो. संदर्भ म्हणून तो मोठाच, पण त्यातल्या बऱ्याच प्लेटी आधीच्या ग्रंथांवरून घेतलेल्या आहेत. त्यावरून काढलेलं तुमचं चित्र म्हणजे नकलेची नक्कल.

नकलेची नक्कल झाली की काय होतं ते या विद्येच्या इतिहासात दिसतं. सुमारे 512 साली कॉन्स्टँटिनोपलला तयार झालेल्या, डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितात झाडं ओळखू येतात. त्यानंतरच्या शतकांत एका हस्तलिखितावरून दुसरं होता होता पानं सारख्या अंतरावर बसू लागली, मुळं वेलबुट्टी झाली. 1542 मध्ये फुक्स या जर्मन वैद्याने आपल्या ग्रंथासाठी जिवंत झाडांवरून चित्रं करून घेतली, आणि शेवटी चित्र काढणारा, ते लाकडावर उतरवणारा आणि कोरणारा, तिघांच्या तसबिरी नावांसह छापल्या. हे मला फार आवडतं. आपल्या पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत 1847 ते 1850 या काळात अलेक्झांडर गिब्सन या इंग्रज सरकारच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका गोवेकर चित्रकाराकडून अशीच सुरेख चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोला आहेत, आणि त्या चित्रकाराचं नाव कुठेही नाही. तुम्ही प्लेटवर सही करा. वैद्य नको म्हणाले तरी बारीक करा.

पाहून काढलेलं चित्र काय काम करतं याचं एक उदाहरण याच कुळात आहे. लिबियाच्या किनाऱ्यावर किरीनी ही ग्रीकांची वसाहत होती. तिची सारी श्रीमंती सिल्फियम नावाच्या औषधी आणि मसाल्याच्या झाडावर होती. ते झाड पहिल्या शतकापर्यंत संपलं. शेवटचा म्हणून सापडलेला दांडा नीरो बादशहाला पाठवल्याचं रोमन लेखक प्लिनी लिहितो. झाड गेलं, पण किरीनीच्या नाण्यांवर राहिलं: रेघारेघांचा जाड दांडा, खोडाला वेढणारे देठ, समोरासमोर पानं, टोकाला छत्र्या. इस्तंबूलचे संशोधक महमुत मिस्की यांनी 2021 मध्ये मांडलं, की तुर्कस्तानातली फेरुला ड्रुडियाना ही जात सिल्फियमशी जुळते. त्यांच्या पुराव्यांत ही नाणीही आहेत, कारण पानं अशी समोरासमोर येणं फेरुलात सहसा दिसत नाही. सगळ्यांना हे पटलंय असं नाही. पण नाण्याचा साचा कोरणाऱ्याने पानं 'शोभतील तशी' बसवली असती, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

मग न पाहिलेला हिंग काढायचा कसा? एक रस्ता हिमाचल प्रदेशातल्या लाहौलचा. पालमपूरच्या सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) संस्थेने ऑक्टोबर 2020 मध्ये लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात हिंगाची रोपं लावायला सुरुवात केली. संस्थेला पत्र लिहून पाहा, वैद्यांच्या लेटरहेडवर लिहिलंत तर बरं. दुसरा रस्ता जवळचा, हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आणि आघारकर संस्थेचं, मुंबईला सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम. आधी पत्र, मग भेट. कोणत्या फेरुलाचे नमुने आहेत ते आधी विचारून घ्या. परदेशी हर्बेरियमचे स्कॅनही आता घरबसल्या मिळतात. वाळलेल्या नमुन्यावरून लांबी-रुंदी, पानांचे तुकडे, काड्यांची संख्या, फळाचं माप, हे सगळं पक्कं मिळतं. मिळत नाही ते रंग आणि उभं राहण्याची ढब. त्यासाठी फोटो, आणि तेही ज्याच्याखाली ठिकाण आणि जात लिहिली आहे असेच. फोटोवरून माप घ्यायचं नाही आणि नमुन्यावरून रंग घ्यायचा नाही, एवढी शिस्त पाळलीत की चित्र टिकतं.

तीन मीटर कागदावर बसवायचे नसतातच. अर्ध्या इम्पीरियल कागदावर, म्हणजे 38 बाय 56 सेंटिमीटर, अख्खं झाड पंधरावा हिस्सा करून वीस सेंटिमीटरचं मागे फिकट काढा, नुसत्या पेन्सिलीत किंवा एका पातळ राखाडी रंगाच्या थरात. पुढे खऱ्या मापाचा पानाचा तुकडा, देठाची पिशवी आणि छत्रीचा एक भाग पूर्ण रंगात. दांडा मधे तोडून दाखवायला लाजू नका, सगळे तोडतात. मुळाचा कापलेला माथा खाली डावीकडे, फळं उजवीकडे. आणि 'पंधरापट' असं आकड्यात लिहू नका, मोजपट्टी काढा. छापखाना पुस्तिकेच्या आकारात प्लेट लहान करतो, मग तुमचा आकडा खोटा ठरतो, पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान होते. छपाईत चित्र निम्मं होणार असेल तर 0.1 मिलिमीटरच्या पेनची रेघ उडून जाईल, 0.2 च्या खाली जाऊ नका.

रंगाबद्दल थोडंच. पांढऱ्या कागदावर पिवळं फूल विरतं. त्यावर उपाय गडद पिवळा नव्हे. काड्या आणि कळ्यांचा हिरवा मागे राहू द्या, फुलाची सावली पातळ जांभळट राखाडीत द्या, कड बारीक पेन्सिलीने धरा. हिंगाच्या पानाचा राखाडी हिरवा ट्यूबमधल्या हिरव्याने येत नाही, कोबाल्ट निळा आणि पिवळा ऑकर मिसळून, वर अगदी पातळ निळसर थर. प्रत्यक्ष झाड दिसलं तर रंग आकड्यांनी टिपून ठेवा. वनस्पतींची चित्रं काढणारा ऑस्ट्रियाचा फर्डिनांड बाउअर 1786-87 मध्ये ग्रीस-तुर्कस्तानात हिंडताना पेन्सिलीच्या रेखाटनांवर प्रत्येक छटेचा क्रमांक लिहायचा आणि रंगवायचा पुढे ऑक्सफर्डला येऊन. खडा हिंग रंगवायचा तर हिरा हिंग विकत घ्या. बांधानी हिंगात पीठ आणि डिंक असतो, त्याचा पोत वेगळा दिसतो. आणि खडा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवूनच रंगवा, घरच्यांचे शेरे मी ऐकलेत.

वैद्यांना एक सुचवून बघा: दूरच्या हिंगाबरोबर आपल्या सह्याद्रीतले नातलग का नकोत? पावसाळ्यात, भाद्रपदाच्या सुमाराला, अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूच्या कातळमाथ्यांवर पिंडा फुलतो, पिंडा कोंकानेन्सिस. पांढऱ्या छत्र्या, कडेच्या फुलांच्या पाकळ्या कोथिंबिरीसारख्याच मोठ्या आणि दुभागलेल्या, फळ सपाट. बाफळी तर औषधीच, तिची फळं काष्ठौषधीत विकली जातात. ती हेराक्लियमच्या गटातली. या गटाच्या फळावर तेलाच्या नळ्या बाहेरूनच गडद रेघांसारख्या दिसतात, आणि पुष्कळदा त्या तळापर्यंत न पोचता मधेच संपतात. काढायला इतकं देखणं फळ या कुळात दुसरं नाही. आणि कारिवणा, ज्याला वैद्य मंडूकपर्णी म्हणतात, तोही याच कुळातला मानतात, छत्री अगदी साधी आणि पानांखाली लपलेली. फक्त अंजनेरी 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उपटायचं नाही, बसूनच काढायचं. छत्री आणि घडीचं स्टूल बरोबर न्या, पाऊस थांबेल या भरवशावर राहू नका.

राहिली जायंट फेनेलची पूर्ण प्लेट. माझ्या मते करू नका. आपल्या वैद्यकात तिला जागा नाही, आणि तिच्यात दोन प्रकारची झाडं आहेत, बाहेरून सारखीच: एका प्रकारात फेरुलेनॉलसारखी द्रव्यं असतात, ती खाऊन सार्डिनिया आणि मोरोक्कोत जनावरं अंतर्गत रक्तस्रावाने मरतात. रंगीत, देखणी, पानभर प्लेट औषधांच्या पुस्तिकेत छापली की वाचणारा ती औषध समजून बसतो. हिंगाच्या प्लेटीतच खाली एक पट्टी ठेवा: हिंगाच्या पानाचा तुकडा, शेजारी जायंट फेनेलचा, शेजारी बडीशेपेचा, आणि प्रत्येकाखाली त्याचं फळ. वैद्यांचा आग्रहच असेल तर त्याच पट्टीत हेमलॉकही घ्या, सॉक्रेटिसला दिलेलं विष ते हेच. जांभळ्या ठिपक्यांचं गुळगुळीत खोड, छोट्या छत्रीखाली एकाच बाजूला झुकलेली बारीक छदं (झालरीची पानं), नागमोडी कंगोऱ्यांचं फळ. या तीन खुणा दिसल्या पाहिजेत, आणि पट्टीवर 'विषारी' हा शब्द चित्राइतक्याच मोठ्या अक्षरांत. फळांचा पेन्सिलीचा कागद आधी होऊ द्या. तो झाला की वैद्यांशी प्लेटींची यादी नव्याने ठरवा, मानधन त्यानंतर.